रेडिओवर गप्पांचा कार्यक्रम करायचाय? दादरच्या या वर्गाबद्दल

दादर पश्चिमेला, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर रविवारी सकाळी हा वर्ग भरतो. चालवतात आकाशवाणीतून निवृत्त झालेल्या एक बाई. पाटी नाही, जाहिरात नाही, विद्यार्थी ओळखीतूनच येतात. बाईंना ते तसंच हवंय, म्हणून मीही नाव लिहीत नाही. फी सात हजार, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनला आहे आणि मला आरोग्यावरचा फोन-इन कार्यक्रम करायचाय, म्हणजे श्रोते फोन करून प्रश्न विचारतात तसला.

श्वास, ण आणि ळ, माइकवर प-फ फुटू न देणं, हे सगळं होतं आणि नीट होतं. पण पैसे वसूल होतात ते फोनच्या सरावात. एकजण आतल्या खोलीतून श्रोता म्हणून फोन लावतो, एकजण निवेदक, बाकीचे हेडफोन लावून ऐकतात. आमच्यातल्या एका काकांनी गुडघेदुखीवाल्या आजोबांची भूमिका घेतली आणि गावच्या शेतापासून सुरुवात केली. निवेदक मुलगा पुढचा प्रश्न कागदावर शोधत होता. बाईंनी थांबवलं. "ते 'रात्री उठवत नाही' म्हणाले, ऐकलंत का? कागद ठेवा खाली. रात्री काय होतं ते विचारा." त्याने विचारलं, आणि काका खरंच बोलायला लागले, स्वतःच्याच गुडघ्याबद्दल. आजोबांचं बोलणं न तोडता त्यांच्याकडून एक नेमका प्रश्न काढून डॉक्टरांपुढे ठेवायचा, तोही बातम्यांच्या वेळेआधी, ही कला मला दुसरीकडे कुणी शिकवली नव्हती. शेवटची तीस सेकंदं घड्याळाकडे बघत सोडवण्याचा सराव तर इतका करून घेतात की हात आपोआप फेडरवर, आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर, जातो.

पुढच्या वाटेबद्दल बाई गोड बोलत नाहीत, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. चर्चगेटच्या आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषक व्हायचं तर लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी, मुलाखत आणि मग 'वाणी' हे आकाशवाणीचं निवेदनाचं प्रशिक्षण. एवढं करूनही ती नोकरी नव्हे, ड्यूटी लागेल तसं मानधन. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे तिथला आरजे मुख्यतः गाण्यांच्या मधल्या जागेत बोलतो. तासभर एकाच विषयावर बोलायचं तर आकाशवाणी, सामुदायिक रेडिओ नाहीतर स्वतःचा पॉडकास्ट. कुणी हिरमुसलं की बाई निवेदक अमीन सयानींचं उदाहरण देतात: १९५२ साली त्यांची हिंदी गाण्यांची गीतमाला सुरू झाली ती रेडिओ सिलोनवर, कार्यक्रमाच्या टेप मुंबईत तयार होऊन कोलंबोला जायच्या. स्टेशन आपल्या शहरात नसलं तरी श्रोता मिळवता येतो. मला हे पटतं. माझ्या लॅबच्या काउंटरवर रोज जे घाबरलेले लोक रिपोर्ट हातात घेऊन उभे असतात, त्यांच्याशी मराठीत, घाई न करता बोलणारा कार्यक्रम कुठल्याही लाटेवर लागला तरी चालेल.

उणिवा आहेत. संपादन एकाच लॅपटॉपवर, त्यामुळे अर्धा वेळ दुसऱ्याच्या खांद्यावरून बघण्यात जातो. पॉडकास्टला एकच सत्र, आणि ते घाईत उरकलं. पंखा बंद करून रेकॉर्डिंग होतं, मे महिन्यात जाणार असाल तर रुमाल न्या. गाण्यांचा कार्यक्रम करायचा असेल, झटपट बोलायचा वेग हवा असेल, तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. इथे वेग कमी करायला लावतात.

मुलाखतीवरचा पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे, बाहेरचे डॉक्टर-वकील पाहुणे म्हणून येतात. मी नाव घातलंय. जागा कमी असतात, कुणा जुन्या विद्यार्थ्याला गाठून गणपतीआधीच विचारून ठेवा.