जुन्या मॉडिफाइड गाडीचं इंजिन तापतंय: आधी फॅन बदलायचा की रेडिएटर?

मोठं इंजिन बसवलं, बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला किंवा एसी घातला की जुनी गाडी तापायला लागते, आणि बहुतेक जण थेट मोठा रेडिएटर घ्यायला निघतात. त्याआधी एवढंच बघा की तापमानाचा काटा नेमका कधी चढतो. उभ्या गाडीत किंवा गर्दीत चढत असेल आणि वेग घेतल्यावर उतरत असेल, तर हवा कमी पडते आहे. म्हणजे फॅन आणि श्राउडकडे (फॅनभोवती बसणाऱ्या, हवा वळवणाऱ्या आवरणाकडे) बघायचं. ताशी ८०-९० किमीला काटा हळूहळू वर सरकत असेल, तर फॅनवर खर्च करू नका. त्या वेगाला समोरून येणारी हवाच पुरेशी असते. तिथे रेडिएटर, पाण्याचा प्रवाह नाहीतर ट्यूनिंग तपासायचं. दोन्ही वेळा तापत असेल आणि पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर काहीही विकत घेण्याआधी ब्लॉक टेस्ट करा, म्हणजे रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रवातून ओढून बघा. पेट्रोल इंजिनात निळं द्रव पिवळं झालं, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलमधून) जळका वायू पाण्यात शिरतो आहे.

इंजिनवरचा फॅन की इलेक्ट्रिक फॅन

बेल्टवर फिरणाऱ्या फॅनला लोक उगाच नावं ठेवतात. त्याला वायरिंग लागत नाही, अल्टरनेटरवर (गाडीतल्या जनरेटरवर) भार येत नाही आणि आरपीएम वाढला की तो भरपूर हवा ओढतो. त्याची अडचण आयडलिंगची: इंजिन संथ, तसा फॅनही संथ. पण बऱ्याच मॉडिफाइड गाड्यांत खरी चूक असते ती श्राउडची. इंजिन बदलताना श्राउड काढून ठेवलेलं असतं आणि परत बसवलेलंच नसतं. श्राउड नसेल तर फॅन फक्त आपल्यासमोरच्या गोलातून हवा ओढतो, कोरचे (रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीचे) चारही कोपरे वाया जातात. पात्याची साधारण अर्धी रुंदी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर हवी. पात्याचं टोक आणि श्राउड यांत १५ ते २५ मिमी जागा सोडा, कारण इंजिन रबर माउंटवर हलतं. इंजिन मागे सरकलं असेल तर पत्र्याचं खोल श्राउड बनवून घ्या. फॅन क्लच (इंजिन गार असताना फॅनला मोकळा सोडणारा जोड) असेल तर तोही तपासा. इंजिन चांगलं गरम असताना बंद केलं आणि फॅन बराच वेळ मोकळा फिरत राहिला, तर क्लच संपला.

इलेक्ट्रिक फॅन उभ्या गाडीतही पूर्ण वेगाने फिरतो, हा त्याचा मोठा फायदा. इंजिन आणि रेडिएटरमध्ये जागाच उरली नसेल तर दुसरा पर्यायही नाही. मात्र १६ इंची फॅन २० ते २५ अँपिअर खातो आणि सुरू होताना त्याहून जास्त. जुना ३५-४५ अँपिअरचा अल्टरनेटर आयडलिंगला स्वतःच्या क्षमतेच्या निम्मंही धड देत नाही. मग हेडलाइट लावले की व्होल्टेज पडतं आणि गरज असते नेमका तेव्हाच फॅन मंदावतो. त्यामुळे फॅनच्या किमतीत अल्टरनेटरची किंमत धरूनच हिशोब करा. ४० अँपिअरचा रिले, बॅटरीजवळ फ्यूज, ६ चौरस मिमीची वायर आणि स्वतंत्र जाड अर्थ हवा.

फॅन रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा लावा. पुढून ढकलणारा फॅन वेगात असताना येणारी हवाच अडवतो. वायरी उलट जोडल्या गेल्या नाहीत ना, हे बघायला कोरच्या पुढच्या बाजूला कागद धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) असेल आणि सेन्सर इंजिनच्या बाजूला असेल, तर फॅन ९३-९५ ला सुरू आणि ८७ च्या आसपास बंद व्हावा. बंद होण्याचा आकडा ८२ च्या खाली ठेवला तर फॅन थांबतच नाही. सेन्सर रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर तिथलं पाणी थंड झालेलं असतं, म्हणून कमी अंशांचा स्विच घ्यावा लागतो. कोरमधून आरपार जाणाऱ्या प्लास्टिक टायने फॅन कधीच बांधू नका. कंपनाने नळ्या घासून फुटतात.

आमचं मत स्पष्ट आहे: जागा असेल तर बेल्टचा फॅन ठेवा आणि श्राउड नीट करून घ्या.

रेडिएटर तांबं-पितळेचा की अॅल्युमिनियमचा

तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं, तरीही निवड एवढ्यावर ठरत नाही. पितळी नळ्या साधारण १२ मिमी रुंद असतात, अॅल्युमिनियमच्या २५ मिमी किंवा जास्त. म्हणून नळ्यांच्या दोन ओळींचा चांगला अॅल्युमिनियम कोर चार ओळींच्या जुन्या कोरची बरोबरी करतो आणि वजनाला हलका पडतो. जाड कोर घ्यायचा मोह टाळा; मागच्या ओळींना आधीच तापलेली हवा मिळते.

पितळी रेडिएटरला डाग देता येतो, नवा कोर टाकता येतो आणि गाडीचं मूळ रूपही टिकतं. अॅल्युमिनियमचा शत्रू म्हणजे पाण्यातून वाहणारा वीजप्रवाह. इंजिन आणि सगळे दिवे चालू ठेवून मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल पिन धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ च्या वर गेलं तर इंजिनची अर्थ दुरुस्त होईपर्यंत नवा रेडिएटर बसवू नका, काही महिन्यांत त्याला भोकं पडतील.

रेडिएटरला जास्त दाबाची कॅप (झाकण) लावून तापमान उतरत नाही, फक्त उकळणं लांबतं. मूळ ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाबाच्या गाडीला १५ ची कॅप लावली तर केबिन गरम करणारा जुना हीटर कोर गळू शकतो.

वेगात तापणाऱ्या गाडीत आणखी काय बघायचं

खालचा होज पाइप. आत स्प्रिंग नसेल तर वाढत्या आरपीएमला पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि पाणी अडतं. बॉनेट उघडून, दुसऱ्याला अॅक्सिलरेटर द्यायला सांगून हे डोळ्यांनी बघता येतं. त्यानंतर इग्निशन टायमिंग: उशिरा ठिणगी पडली की जळण लांबतं आणि हेडमध्ये जास्त उष्णता जाते. कार्ब्युरेटर लीन असेल (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असेल) तरीही तेच. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही. काही इंजिनांत त्यामुळे बायपास उघडाच राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरमध्ये न जाता परत फिरतं. थर्मोस्टॅट नवा घ्या, त्याच्या चकतीला ३ मिमीचं भोक पाडा आणि ते वरच्या बाजूला येईल असा बसवा, म्हणजे कूलंट भरताना अडकलेली हवा तिथून निघून जाते.