कारागीर बंधू-भगिनींनो, ‘फाइल चार्ज’ मागणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका

सरकारी अनुदान मिळवून देतो असं सांगत एक माणूस २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत फिरला आणि बऱ्याच घरांचे पैसे घेऊन गेला. त्यात आमचंही घर आहे. तो आता दुसऱ्या गावात, दुसऱ्या धंद्याच्या लोकांत हेच करत असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. कुंभार, बुरूड, लोहार, सुतार, गवंडी, शिंपी, कुणीही वाचत असाल तर घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा.

आम्ही कोल्हापुरी चपला करतो. आण्णा रापीनं तळ कापतात, टाच जोडतात. आई वेणी घालते आणि वादीनं शिवते. विक्री आणि कागदपत्रं माझ्याकडे. आमच्या धंद्यात पावसाळा म्हणजे हात बांधलेले. कातडं वाळत नाही, पावसात कुणी कोल्हापुरी घालत नाही, गिऱ्हाईक नसतं. आणि नेमकं त्याच वेळी दिवाळीच्या मालासाठी कातडं भरायला पैसे लागतात. गल्लीत प्रत्येक घर कुणाकडून तरी हातउसने घेण्याच्या विचारात असतं. त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं.

दुसरंही एक कारण होतं. जूनच्या शेवटी इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. टीव्हीवाले आमच्या गल्ल्यांत येऊन गेले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं मिळून आहे, हे त्या पंधरवड्यात लोकांना पहिल्यांदा कळलं. आता सरकार कारागिरांसाठी काहीतरी करणार, असं वातावरण होतं. अशा वेळी गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, पाठीवर लॅपटॉपची बॅग असा माणूस दारात आला, तर त्याच्यावर कोण संशय घेईल?

बोलायला अतिशय गोड. आईला आक्का, आण्णांना मामा. पहिल्याच दिवशी त्यानं पैशाचा विषय काढला नाही. आईनं घातलेली वेणी हातात घेऊन बघितली, ‘ही कला जगली पाहिजे’ म्हणाला. मग फाइलमधून राजमुद्रा आणि पंतप्रधानांचा फोटो असलेला कागद काढला. ‘पीएम विश्वकर्मा’तून प्रत्येक कारागिराला तीन लाख अनुदान, बायकांना शिलाई मशीन फुकट, शिवाय ज्यांचं कार्ड निघेल त्यांनाच परदेशी कंपनीची ऑर्डर. फाइल चार्ज फक्त ११०० रुपये, तेही ‘वर साहेबांना द्यावे लागतात म्हणून’.

त्यानं घेतलेलं योजनेचं नाव खरं होतं, हे लक्षात घ्या. तीन लाखांचा आकडाही योजनेत आहे. खोटं होतं ते मधलं.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसाय तिच्यात आहेत, चर्मकार आणि पादत्राणं करणारे त्यातच येतात. तीन लाख मिळतात ते कर्ज म्हणून. पहिला हप्ता एक लाखापर्यंत, तो १८ महिन्यांत फेडायचा. दुसरा दोन लाखांपर्यंत, तो ३० महिन्यांत. व्याज कारागिराला ५ टक्के, तारण लागत नाही. कर्ज म्हणून हे उत्तमच आहे, आमच्या गल्लीत सावकाराचा दर ज्यांनी भरलाय त्यांना विचारा. पण ते फेडायचं असतं. फुकट मिळतं ते वेगळं: पाच ते सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण, त्याचे रोज ५०० रुपये, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाऊचर. नोंदणीला कारागिराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही असा नियम आहे. सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रात, आधारच्या अंगठ्यावर नोंदणी होते, मग ग्रामपंचायत किंवा नगरपालिका-महापालिका पडताळणी करते, त्यानंतर जिल्हा समिती आणि शेवटी छाननी समिती. या तीन पायऱ्या कुठल्याही एजंटाला पैसे देऊन ओलांडता येत नाहीत.

आता आमच्या घरात काय झालं ते सांगतो. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी दुकानात माल द्यायला गेलो होतो. त्यानं मोबाइलला अंगठ्याचं मशीन जोडलं आणि आईला अंगठा ठेवायला सांगितलं. आयुष्यभर वादी ओढून आईच्या अंगठ्यांच्या रेषा झिजल्या आहेत. रेशन दुकानातही तिचा अंगठा एका वेळेत कधी लागत नाही. त्यामुळे ‘सर्व्हर स्लो आहे आक्का, परत ठेवा’, ‘आता दुसरं बोट ठेवा’, ‘बोट पुसून घ्या’ असं तो म्हणत राहिला तेव्हा तिला काही वावगं वाटलं नाही. मोबाइलची स्क्रीन त्याच्याकडे होती. मध्येच त्यानं सहज विचारलं, ‘लाडक्या बहिणीचे पैसे कुठल्या बँकेत येतात आक्का?’ आईनं बँकेचं नाव सांगितलं. परत अंगठा. चहा पिऊन, ११०० घेऊन तो गेला.

मधला तो प्रश्न ज्यानं त्यानं लक्षात ठेवावा. आधारवरून पैसे काढायच्या सोयीला एईपीएस म्हणतात. तिथं एटीएम कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी येत नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, एवढं पुरतं. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम निघते. खेड्यापाड्यात बँक लांब असलेल्यांसाठी ही सोय चांगलीच आहे. पण ज्याच्या हातात मशीन आहे तो स्क्रीनवर काय उघडून बसलाय, हे अंगठा देणाऱ्याला कळत नाही. आईच्या खात्यातून त्या दुपारी आधी १०,००० आणि काही मिनिटांनी ६,५०० गेले. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला येणारे १५०० तिनं हात न लावता साठवले होते. गल्लीतल्या बऱ्याच बायकांच्या खात्यात तसेच पैसे पडून होते, आणि त्याचा डोळा त्यावरच होता, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

बँकेत आईच्या खात्याला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर होता. मेसेज आलाच नाही. गणपतीच्या आधी ती पैसे काढायला गेली, पासबुक भरून घेतलं, तेव्हा कळलं.

शेजारच्या मामांची फसवणूक याहून मोठी. त्यांना त्यानं पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून पाच लाखांचं कर्जप्रकरण करून देतो म्हणून सांगितलं. त्यातलं ३५ टक्के माफ, पण स्वतःचे ५ टक्के आधी भरावे लागतात, म्हणजे २५,०००. हे आकडेही खरे आहेत! ग्रामीण भागात अनुसूचित जाती, महिला वगैरे विशेष गटाला ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान असतं आणि त्यांचा स्वतःचा हिस्सा ५ टक्के असतो. मामांच्या मुलानं मोबाइलवर शोधून बघितलं, आकडे जुळले, म्हणून विश्वास बसला. पण आपला हिस्सा आपण बँकेनं कर्ज मंजूर केल्यावर आपल्याच कर्जखात्यात भरायचा असतो. तो कुठल्या माणसाच्या यूपीआयवर पाठवायचा नसतो. आणि अनुदानाची रक्कमही हातात पडत नाही. ती बँकेत आपल्या नावे तीन वर्षं बाजूला ठेवलेली असते, धंदा चालू आहे अशी खात्री झाल्यावर कर्जात वळती होते. मामांना त्यानं व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र पाठवलं, वर सही-शिक्का. नंतर पलीकडच्या घरातलं पत्र आम्ही त्याच्या शेजारी ठेवून बघितलं, तर दोन्हींवर मंजुरी क्रमांक एकच. फक्त नाव बदललेलं.

पंचवीस हजार गेल्यावर जीएसटीचे म्हणून आणखी मागितले. ते मामांनी दिले नाहीत, आणि त्या दिवसापासून नंबर बंद.

पैशापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट पुढे आहे. आईची खरी नोंदणी करावी म्हणून मी स्वतः तिला सीएससी केंद्रात घेऊन गेलो. तिथल्या मुलीनं आधार टाकला आणि म्हणाली, यांचा अर्ज आधीच भरलेला आहे. धंदा काय लिहिला होता? शिंपी. शिलाई मशीनचं आमिष दाखवून त्यानं गल्लीतल्या बायकांची नावं सरसकट शिवणकामात भरून टाकली होती, म्हणजे एक अंगठा खरोखर नोंदणीला गेला आणि बाकीचे बँकेला. ज्या बाईनं चाळीस वर्षं कोल्हापुरीची वेणी घातली, तिच्या नावापुढे सरकारच्या दप्तरी शिंपीकाम. पडताळणीत तो अर्ज नामंजूर झाला, आणि व्हायलाच हवा होता, आमच्या घरात शिलाई मशीनच नाही. या योजनेत एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. त्यामुळे असा खोटा अर्ज पडला की त्या घराची एकुलती एक जागा अडकते. चोरानं नेलेले पैसे परत कमावता येतात, ही अडकलेली जागा सोडवायला मात्र कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि रोजच्या कामावर पोट असलेल्या माणसाला ते परवडत नाही.

कुणी असा दारात आला, तर त्याचं ओळखपत्र बघण्यात वेळ घालवू नका, तसली ओळखपत्रं कुठेही छापून मिळतात. तो पैसे मागतोय का, एवढंच बघा. पीएम विश्वकर्माची नोंदणी फुकट आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून मिळणारं कारागीर ओळखपत्र, ज्याला ‘पहचान’ कार्ड म्हणतात, तेही फुकट. पीएमईजीपीचा अर्ज ऑनलाइन, फुकट, आणि खादी ग्रामोद्योग आयोगानं त्यासाठी कुणीही एजंट नेमलेला नाही. जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवायची सरकारी फी १० रुपये आहे, त्यासाठी कुणी हजारो मागत असेल तर सरळ हाकलून द्या. शंका असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. चर्मकार बांधवांनी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या कार्यालयात विचारावं. विश्वकर्मासाठी १७९२३ हा मदतक्रमांक आहे.

अंगठा द्यायचाच झाला तर केंद्रात जाऊन द्या, घरी नाही, आणि स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या. सांगणाऱ्याला राग आला तर येऊ दे. आधारच्या ॲपवरून बोटांचे ठसे लॉक करून ठेवता येतात. गरज पडली की थोड्या वेळापुरते उघडायचे. आईचे मी आता लॉक करून ठेवलेत. रेशनच्या दिवशी उघडतो, काम झालं की पुन्हा बंद. यासाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. आणि बँकेतला नंबरही आजच तपासा.

आधारच्याच संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत आपला ठसा कुठे कुठे वापरला गेला, त्याची यादी बघता येते. आईची यादी काढली तेव्हा त्या एका दुपारच्या नोंदी एकाखाली एक आल्या, वेळेसकट. पोलिसांकडे आणि बँकेत हाच कागद आमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला, कारण पावती वगैरे त्यानं काहीच दिलं नव्हतं.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा. रक्कम पुढे फिरायच्या आत खातं गोठवता येतं, उशीर झाला की ती निघून जाते. बँकेला लेखी कळवा आणि पोहोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. आमची बँक म्हणते, अंगठा तुमच्या आईनंच दिलाय. आमचं म्हणणं, अंगठा नोंदणीसाठी दिला होता, पैसे काढायला नाही, आणि निरोप तर आम्हाला मिळालाच नव्हता. तीस दिवसांत बँकेनं समाधान केलं नाही, म्हणून आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो आहोत. त्याला फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ वर फोन करता येतो. प्रकरण चालू आहे.

गल्लीतल्या काही बायकांनी अजून तक्रार दिलेली नाही. घरात बोलणी बसतील, ही भीती आहे. एकीनं तर नवऱ्याला सांगितलंही नाही, स्वतः मजुरी करून ते पैसे भरून काढते आहे. त्या माऊलीचा यात काय दोष? घरातल्या पुरुषांना माझी हात जोडून विनंती आहे, बायकोला, आईला ओरडू नका, तिला सोबत घेऊन सायबर पोलिसांकडे जा. पावती नसली तरी तक्रार घेतली जाते. पासबुकातली नोंद, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सॲपवर आलेलं पत्र, त्याचा मोबाइल नंबर, जे असेल ते न्या आणि काही पुसून टाकू नका. तुमच्याकडेही एकच मंजुरी क्रमांक असलेली पत्रं निघाली तर तक्रारीत तो क्रमांक आवर्जून लिहा. वेगवेगळ्या गावांतल्या तक्रारी त्यावरूनच एकमेकींना जोडता येतील.