इलेक्ट्रॉन मोजायचे की सिग्नलची सरासरी काढायची? टाइम-ऑफ-फ्लाइट फोटोइलेक्ट्रॉन डेटाच्या पद्धती

टाइम-ऑफ-फ्लाइट फोटोइलेक्ट्रॉन प्रयोगात प्रकाशाच्या एका झोताने (एका शॉटने) अणूंतून सुटलेले इलेक्ट्रॉन नळीतून डिटेक्टरपर्यंत किती वेळात पोचतात, यावरून त्यांची ऊर्जा काढतात. मायक्रोचॅनल प्लेटचा (इलेक्ट्रॉन पडला की विद्युत पल्स देणाऱ्या डिटेक्टरचा) प्रत्येक पल्स डिस्क्रिमिनेटरमार्गे (ठरावीक थ्रेशोल्डवरचेच पल्स पुढे सोडणाऱ्या सर्किटमार्गे) टीडीसीला (पल्सची वेळ अंकांत नोंदवणाऱ्या उपकरणाला) देऊन इलेक्ट्रॉन एकेक मोजता येतात. नाहीतर वेगवान डिजिटायझरने अख्खा सिग्नल टिपून हजारो शॉट्सची सरासरी काढता येते. निवड एका आकड्यावर होते: दर शॉटला सरासरी किती इलेक्ट्रॉन डिटेक्टरवर पडतात?

०.१ किंवा कमी असतील तर मोजणीच. कॉन्स्टंट फ्रॅक्शन डिस्क्रिमिनेटर लावला की पल्सची उंची बदलली तरी वेळ फारशी सरकत नाही, आणि थ्रेशोल्डखालचा गोंगाट डेटात येतच नाही. सरासरीत तो येतो. शिवाय पल्सची रुंदी आणि त्यामागचं रिंगिंग (पल्सनंतरची थरथर) प्रत्येक शिखराला चिकटतं.

मोजणीचं दुखणं म्हणजे डेड टाइम: एक पल्स नोंदवल्यावर उपकरण काही काळ दुसरा घेत नाही. टीडीसी शॉटमधला फक्त पहिलाच इलेक्ट्रॉन घेत असेल, तर सरासरी ०.१ असताना सुमारे ५ टक्के इलेक्ट्रॉन हुकतात, १ असताना ३७ टक्के. हुकतात ते नेमके मागून येणारे, म्हणजे कमी ऊर्जेचे. त्यामुळे शिखरांची गुणोत्तरंच बिघडतात. यावर कोट्स दुरुस्ती आहे: प्रत्येक बिनमधली (वेळेच्या छोट्या कप्प्यातली) संख्या एकूण शॉट्सनी न भागता, तोवर काहीच न आलेल्या शॉट्सनी भागायची, भागाकार १ मधून वजा करायचा आणि उरलेल्याचा ऋण नैसर्गिक लॉग घ्यायचा. प्रकाशाची तीव्रता शॉटगणिक हलत असेल तर ही दुरुस्तीही फसते. मल्टिहिट टीडीसीनेही (एका शॉटमध्ये अनेक इलेक्ट्रॉन नोंदवणाऱ्या) सगळं सुटत नाही. २१.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रकाशात आरगॉनच्या शिखरांची जोडी (आयनीकरण ऊर्जा १५.७६ आणि १५.९४ इलेक्ट्रॉनव्होल्ट) १ मीटरच्या नळीत जेमतेम १२ नॅनोसेकंदांच्या अंतराने येते. डेड टाइम १५ नॅनोसेकंद असेल, तर एकाच शॉटमध्ये दोन्ही आल्यावर दुसरा गेलाच.

वेळेवरून ऊर्जा काढणं दोन्हीकडे सारखंच. नळीची लांबी मीटरमध्ये आणि वेळ मायक्रोसेकंदांत घेतली की ऊर्जा = २.८४३ × लांबीचा वर्ग ÷ वेळेचा वर्ग. नळीत रोधक विभव (इलेक्ट्रॉनांना मंदावणारं व्होल्टेज) असेल तर तो वर मिळवायचा. शून्यवेळ, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटल्याचा क्षण, डिटेक्टरवर पडणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशाच्या शिखरावरून मिळते, पण त्यातून प्रकाशाचा प्रवासही वजा करा: १ मीटरला ३.३ नॅनोसेकंद. हे किरकोळ वाटतं, पण शून्यवेळ १ नॅनोसेकंद चुकली तर १ इलेक्ट्रॉनव्होल्टला चूक सुमारे ०.००१ इलेक्ट्रॉनव्होल्टची, १०० इलेक्ट्रॉनव्होल्टला मात्र १.२ इलेक्ट्रॉनव्होल्टची. म्हणून आरगॉन, झेनॉन (१२.१३ आणि १३.४४) अशा ज्ञात रेषांवर लांबी आणि शून्यवेळ एकत्र फिट करावी. मॅग्नेटिक बॉटलमध्ये (चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉन डिटेक्टरकडे वळवणाऱ्या नळीत) फुटपट्टीने मोजलेली लांबी वापरू नये.

खरा फरक वर्णपटाच्या तीव्रतेत आहे. मोजणीत प्रत्येक घटनेची ऊर्जा काढून थेट ऊर्जेच्या बिनमध्ये टाकली की पुरतं. मात्र जास्त ऊर्जेला बिन टीडीसीच्या पायरीपेक्षा अरुंद झाले तर कंगव्यासारखे दात उमटतात. प्रत्येक वेळेत एका पायरीएवढा यादृच्छिक अंश मिळवला की ते जातात. सरासरी सिग्नलला मात्र वेळेच्या घनाने गुणावंच लागतं, कारण वेळेचे समान तुकडे ऊर्जेत समान राहत नाहीत. इथे बहुतेकांची गफलत होते: बेसलाइनमध्ये उरलेला क्षुल्लक स्थिर व्होल्टेज या गुणाकारातून कमी ऊर्जेकडे चढत जाणारा उंचवटा बनतो आणि तो विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांचा वाटतो. प्रकाशाच्या शिखराआधीच्या भागावरून बेसलाइन काढून ती रूपांतरापूर्वी वजा करावी. मग एकाच शिखराचं क्षेत्रफळ वेळेच्या आणि ऊर्जेच्या आलेखात जुळतंय का पाहावं.

दोन इलेक्ट्रॉनांमधला संबंध शोधायचा असेल तर कमी दराला कॉइन्सिडन्स (एकाच शॉटमध्ये आलेल्यांची जोडी लावणं) चांगला, कारण खोट्या जोड्यांचं खऱ्यांशी प्रमाण दराबरोबर वाढतं. फ्री-इलेक्ट्रॉन लेझरवर (अतितीव्र पल्स देणाऱ्या प्रकाशस्रोतावर) शॉटला शेकडो इलेक्ट्रॉन येतात. तिथे १९८९ साली मांडलेलं कोव्हेरियन्स मॅपिंग (दोन ऊर्जांचे सिग्नल शॉटगणिक एकत्र वर-खाली होतात का ते पाहणं) लागतं, आणि लेझरची तीव्रता हलते म्हणून त्या हलण्याचा वाटा वजा करणारं पार्शल कोव्हेरियन्स. त्यासाठी प्रत्येक शॉटचा पूर्ण सिग्नल आणि त्याची पल्स-ऊर्जा जपावी लागते. डिजिटायझर आतल्या आत सरासरी काढून देत असेल, तर ही सोय मोजमापाआधीच बंद करा.

शॉटला १ ते १० इलेक्ट्रॉन असतील तर डिजिटायझर घेऊन सॉफ्टवेअरने शिखरं वेगळी करणं सोयीचं. डिस्कवर जागा मात्र भरपूर ठेवा.