गुलमोहर की बहावा?

नेरुळमधल्या एका मैत्रिणीच्या सोसायटीत फाटकाजवळ एकाच झाडापुरती जागा आहे. मतं विभागली आहेत: गुलमोहर की बहावा?

सावलीत गुलमोहर सरस. भराभर वाढतो, छत्रीसारखा पसरतो. बहाव्याची वाढ सावकाश आणि पसारा आटोपशीर.

पावसाळ्यात मात्र चित्र उलटं. गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात, फरशी उचलतात, लाकूडही ठिसूळ. वादळी वाऱ्यात फांद्या मोडतात, कधी अख्खं झाड उन्मळतं. खाली गाड्या उभ्या राहणार असतील, तर हा विचार आधी करावा, कारण पुढे छाटणीसाठीही महापालिकेची परवानगी लागते. बहावा इथल्याच मातीतला, जास्त चिवट. शेंगा हातभर लांब, तेवढ्या झाडाव्या लागतात.

फुलांचं काय? एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागले की नजर हटत नाही. पण लहानपण गुलमोहराकडे आहे. पांढऱ्या ठिपक्यांची ती एक पाकळी चघळायची, आंबट लागायची. कळी सोलून केसर काढायचे, एकमेकांत अडकवून ओढायचे. ज्याचं डोकं तुटलं तो हरला. वाळलेल्या शेंगांच्या तलवारी तर सुट्टीभर चालत. मुलांना हे मिळावं असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मैदान किंवा मोकळी बाग असेल, तर गुलमोहरच लावा, इमारतीपासून लांब. फाटकाशी, भिंतीला लागून, गाड्यांच्या शेजारी बहावा. मैत्रिणीच्या जागेला बहावाच योग्य.