न ताणणारी सिंथेटिक स्लिंग: काही महिने प्रोन-नीलिंगला वापरल्यावर

स्लिंग म्हणजे दंडाला अडकवून रायफलला जोडायचा आधाराचा पट्टा. माझी आधी लेदरची होती, आता बरेच महिने सिंथेटिक पट्ट्याची वापरतोय. ५० मीटर थ्री पोझिशनवाले (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन म्हणजे पालथं पडून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून) ती कशी आहे ते सारखे विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. १० मीटर एअर रायफलवाल्यांनी नाही वाचलं तरी चालेल, तिथे सगळं स्टँडिंग आणि स्टँडिंगला स्लिंग चालतच नाही.

लेदर वाईट अजिबात नाही. दंडाला धरून बसते, घसरत नाही, पण ताणते. नवी असताना जास्त, आणि नंतरही घामाने ओलसर झाली की थोडी. प्रोनमध्ये ते लगेच कळतं, सुरुवातीला नॅचरल पॉइंट (जोर न लावता रायफल जिथे रोखली जाते ती जागा) बरोबर मध्यात असतो आणि मग रायफल हळूहळू बसायला लागते, शॉट खाली, घड्याळातल्या सहाच्या बाजूला उतरतात, आणि आपण नकळत डाव्या हाताने उचलायला लागतो. आता स्लिंग लावायची कशाला तर तो हात पूर्ण सैल राहावा, वजन हाडांवर आणि पट्ट्यावर जावं म्हणून. हातच उचलायला लागला तर मग स्लिंग असून काय उपयोग. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची, तिथे थोडाही फरक लपत नाही.

सिंथेटिकमध्ये ही कटकट संपली. ज्या भोकावर लावली त्याच ताणावर शेवटच्या शॉटपर्यंत राहते, माझा ग्रुप (टार्गेटवरच्या शॉट्सचा पुंजका) उभा पसरायचा तो बराच आवळला.

पण खरं सांगू का, पट्ट्यापेक्षा कफ, म्हणजे दंडाभोवती बसणारा भाग, बघून घ्या. पट्टा कितीही कडक असू दे, कफ कोपराकडे एक बोट सरकला की ताण गेलाच. माझ्या कफला आतून रबराचं अस्तर आहे, सुरुवातीला जॅकेटच्या बाहीवर चिकटून बसायचं, मग मॅटवरची धूळ आणि घाम बसून गुळगुळीत झालं. ओल्या फडक्याने पुसलं की परत पकडतं, आणि बाहीवरचा हुक वापरायचा, तो शोभेला नाही दिलेला.

पल्सचं वेगळं सांगायला पाहिजे. फोरसाइटच्या (नळीच्या टोकाकडच्या साइटच्या) रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल नाडीच्या ठोक्यासरशी उडतो ना, ते. लगेच एक भोक सैल करायला जाऊ नका. मोठी रक्तवाहिनी दंडाच्या आतल्या बाजूने जाते, त्यामुळे आधी कफ फिरवून पट्ट्याची ओढ बाहेरच्या बाजूने येते का बघा, मग कफ थोडा वर-खाली करून बघा. माझं यातच निम्म्याहून जास्त काम झालं. बकल किंवा जाड शिवण आतल्या बाजूला येत असेल तर ती स्लिंग मी फुकट पण घेणार नाही.

भोकं जवळजवळ असलेली बरी. नीलिंगचं भोक वेगळं, प्रोनचं वेगळं, आणि मॅचमध्ये नीलिंग संपलं की लगेच प्रोन, त्यामुळे नंबर दिसायलाच पाहिजेत. माझ्या स्लिंगवरचे छापील नंबर पहिल्या काही महिन्यांतच उडाले, एवढे पैसे घेऊन कोरलेले नंबर देता येत नाहीत का राव! आता मार्करने खुणा केल्यात. दोन भोकांमधला बारीक फरक हँडस्टॉप (रायफलखाली पुढचा हात टेकतो तो अडसर) रेलवर एखाद-दोन मिलिमीटर सरकवून काढतो. स्विव्हल, म्हणजे पट्टा रायफलला जोडणारी फिरती कडी, मात्र सहज फिरणारं हवं, अडकणारं असलं की पट्टा पिळ घेऊन मनगटावर दाबतो आणि बोटं बधिर.

नियमाचं थोडक्यात: रुंदी ४० मिलिमीटरच्या आत, उजव्या हाताने मारणाऱ्याने फक्त डाव्या दंडावर, रायफलला एकाच ठिकाणी जोडलेली, आणि हाताच्या किंवा मनगटाच्या एकाच बाजूने गेलेली. स्लिंग लांब करून हँडस्टॉप पुढे ढकलला की पोझिशन खाली जाते आणि आरामाची वाटते, पण प्रोनमध्ये पुढचा हात आडव्या रेषेशी ३० अंशांच्या खाली गेला तर ज्युरी पोझिशन वर घ्यायला लावणार.

नवीन शिकणाऱ्याने लगेच ही घ्यायची गरज नाही, पोझिशनच दर आठवड्याला बदलत असते तोपर्यंत लेदर चालून जाते. पोझिशन ठरलेली असेल तर घ्या, मी परत हीच घेईन. फक्त बघताना जॅकेट घालून दंडावर चढवून बघा, उघड्या हाताला मापात वाटणारा कफ जाड बाहीवर कधीकधी शेवटच्या भोकाला पण पुरत नाही.