होल्स्टचा 'सेंट पॉल्स सूट': मुलांनी वाजवावा असाच
लंडनमध्ये दर शनिवारी मी मुलांचा व्हायोलिन-चेलोचा वाद्यवृंद घेते. यंदा इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचा 'सेंट पॉल्स सूट' आणला; सूट म्हणजे छोट्या भागांची एक रचना, यात चार भाग आहेत. लंडनमधल्याच हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत शिकवताना, १९१२-१३ मध्ये, त्यांनी तो तिथल्याच वाद्यवृंदासाठी लिहिला, आणि ते जागोजागी जाणवतं. 'ऑस्टिनाटो' नावाच्या भागात दुसरी व्हायोलिनं तोच तुकडा फिरवत राहतात आणि सगळा डोलारा त्यांच्यावर उभा असतो. कायम मागे राहणारी पोरं एकदम ताठ बसली!

खरा जीव चौथ्या भागात आहे. 'डार्गसन' ही जुनी इंग्रजी नाचाची चाल गोल गोल फिरते आणि मध्येच चेलो 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही दुसरी जुनी इंग्रजी चाल घेऊन येतात. एका चालीत मापाला (तालाच्या एका घराला) दोन ठोके, दुसरीत तीन. तीन आठवडे आमची गाडी तिथेच अडली. मग अर्ध्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, अर्ध्यांना पाय आपटायला. आमचा दहा वर्षांचा चेलोवाला ओरडला, "मावशी, दोन्ही ऐकू येतंय!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी घेतलेल्या प्रतीत व्हिओलाचं (व्हायोलिनच्या थोरल्या भावंडाचं) पान नेमकं ऐन धावपळीत उलटावं लागतं. पानं शेजारी चिकटवून घ्या. आणि अगदी नवशिक्यांना देऊ नका, पहिल्या व्हायोलिनांना वरच्या पोझिशन लागतात, म्हणजे उंच सुरांसाठी डावा हात पट्टीवर पुढे सरकवावा लागतो.