निशी-कासाईची कॉइन लॉन्ड्री: ड्रायर उत्तम, सुट्ट्या पैशांची बोंब

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई स्थानकापासून चालत सात-आठ मिनिटांवर असलेल्या एका कॉइन लॉन्ड्रीविषयी लिहीत आहे. तक्रारीचा भाग बराच असल्यामुळे आणि मालक भला माणूस असल्यामुळे दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. जपानी पावसाळा, म्हणजे त्सुयू, आपल्या कोकणासारखा कोसळून मोकळा होत नाही. जूनपासून आठवडेच्या आठवडे तो नुसता झिमझिमत राहतो आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीला तिसऱ्या दिवशी कुबट वास येऊ लागतो. गेल्या वर्षी घरच्या गोधड्यांची अशी अवस्था झाल्यावर मी या दुकानाची पायरी चढले आणि मग दर सोमवारी सकाळी जातच राहिले.

धुलाईबद्दल बोलायचे तर नाव ठेवायला जागा नाही. साबण यंत्र स्वतःच घेते, त्यामुळे घरून पावडर नेण्याचा माझ्यासारखा खुळेपणा करू नये. लहान यंत्राला ५०० येन पडतात. ड्रायर गॅसवर चालतात, १० मिनिटांना १०० येन या दराने, आणि दोन चादरी व एक गोधडी ४० मिनिटांत उन्हात वाळल्यासारख्या कडकडीत होऊन बाहेर येतात. कपडे घालण्यापूर्वी रिकामा ड्रम विसळून घेण्याचे फुकट बटणही आहे. आधीच्या गिऱ्हाइकाने कुत्र्याची सतरंजी धुतली असेल या शंकेने मी ते दर वेळी दाबते.

खरे दुखणे आहे ते नोटा मोडून देणाऱ्या यंत्राचे. जपानने जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा चलनात आणल्या, पण वर्ष उलटून गेले तरी हे यंत्र जुनीच नोट ओळखत होते. नवी हजाराची नोट ते आत ओढून घेई, क्षणभर घुरघुरे आणि वेडावून दाखवल्यासारखी पुन्हा बाहेर काढी. या नोटेवर कितासातो शिबासाबुरो यांचे चित्र आहे. १८९४ मध्ये हाँगकाँगला जाऊन प्लेगच्या जंतूचा माग काढणारे ते हेच. तीन वर्षांनी त्याच प्लेगने आपल्या पुण्याची दैना केली. अशा माणसाला या दुकानात मात्र शंभराच्या दहा नाण्यांइतकीही पत नव्हती.

याच यंत्रापुढे मला ते दोघे भेटले. पांढरे सदरे, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी आणि हातात मळक्या कपड्यांच्या पिशव्या. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, ज्यांना सारे जग मॉर्मन म्हणते, त्या पंथाचे हे तरुण मिशनरी. त्यातला एक अमेरिकेतल्या आयडाहोचा, एकोणीस वर्षांचा, दुसरा जपानमधल्याच होक्काइदो बेटाचा. हे लोक नेहमी जोडीने राहतात, मुलगे दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष सेवा करतात, आणि धुणे, बाजारहाट व घरच्यांशी बोलणे हे सगळे आठवड्यातल्या एकाच मोकळ्या दिवसात उरकतात. या दोघांचा तो दिवस सोमवार. आयडाहोवाल्याने एकच नोट चार वेळा सरळ-उलटी घालून पाहिली, तेव्हा मला राहवले नाही आणि मी माझ्या बटव्यातली दहा नाणी त्याला मोजून दिली.

त्यानंतर पाच सोमवार आम्ही एकाच बाकावर बसलो. वास्तविक दुकानाच्या परीक्षणात हे यायचे कारण नाही, परंतु ड्रायरची चाळीस मिनिटे कशी जातात हाही सेवेचाच भाग आहे. पहिल्या खेपेस मी थर्मासमधला आल्याचा चहा पुढे केला, तर दोघांनीही अत्यंत नम्रपणे हात जोडले. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य, हिरवा चहादेखील. जपानात दारोदार फिरणाऱ्याने चहा नाकारायचा म्हणजे काय दिव्य असेल, याची कल्पना चहाशिवाय पाहुण्याला उठू न देणाऱ्या आपल्या लोकांना लगेच येईल. दुकानातल्या पेयांच्या यंत्रात त्यांना चालण्यासारखा एक सातूचा काढा, मुगिचा, तेवढा होता. पुढच्या सोमवारी मी कोकम सरबत नेले. आयडाहोवाल्याने पहिल्या घोटाला डोळे मिटले आणि मग बाटली खाली ठेवली नाही.

त्याच्या आठवड्याचा हिशेब ऐकण्यासारखा असे. मंगळवारी भर पावसात सायकल पंक्चर. बुधवारी भेटायचे कबूल केलेला गृहस्थ स्थानकावर आलाच नाही, हे दोघे तासभर छत्र्या धरून उभे. गुरुवारच्या फुकट इंग्रजी वर्गाला एकच आजी आल्या, पण येताना घरच्या झाडाची बिवा, म्हणजे लोकाट, घेऊन आल्या. त्यांना ‘बसा’ म्हणायचे म्हणून ‘सुवात्ते’ म्हणायला गेला आणि तोंडातून ‘सावात्ते’, म्हणजे ‘हात लावा’, असे निघाले. आजींनी शांतपणे खुर्चीला हात लावला आणि मग इतक्या हसल्या की वर्ग तिथेच संपला. त्यांच्या पंथाचे पहिले प्रचारक १९०१ मध्ये जपानात आले आणि फारसे कोणी ऐकेना म्हणून १९२४ मध्ये ते काम बंद करावे लागले, पुन्हा सुरू झाले ते १९४८ मध्ये, हे तो स्वतःच सांगे. त्या मानाने आपला आठवडा बरा गेला, असे त्याचे गणित.

एका सोमवारी ड्रायरमधून टकटक आवाज येऊ लागला. एखादे नाणे राहिले असेल म्हणून दार उघडले, तर सदऱ्यावर विसरलेली त्याची नावाची पट्टी निघाली, उष्णतेने पापडासारखी वाकलेली. काताकाना या जपानी लिपीतली पांढरी अक्षरे मात्र शाबूत होती. दहाच्या सुमारास, आयडाहोत रविवारची संध्याकाळ असताना, त्याने बाहेर छपराखाली उभे राहून आईला व्हिडिओ कॉल लावला आणि पहिली गोष्ट केली ती ही पट्टी दाखवण्याची. पूर्वी या मुलांना वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, घरी फोन करता येई. २०१९ पासून दर आठवड्याला परवानगी मिळाली. पलीकडे आईने म्हातारा कुत्रा उचलून धरला होता, आणि तो पडद्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

दर सहा आठवड्यांनी यांच्या बदल्या ठरतात. सहाव्या सोमवारी होक्काइदोवाला नव्या जोडीदाराबरोबर आला. आयडाहोवाल्याने त्याच्याकडे माझी बाटली धुऊन परत पाठवली होती आणि तिच्या तळाशी शंभर येनची दहा नाणी होती. त्याच आठवड्यात मालकाने नोटांचे यंत्र बदलले. आता नव्या नोटा चालतात. पाचपैकी चार तारे. एक कापला आहे तो बाकासाठी, कारण त्यावर तिघांनी बसले की मधल्याला पाठ टेकता येत नाही.